नाशिकमध्ये उघड्यावर बसून निसर्गचित्र काढणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण कागद, बोर्ड, रंग घेऊन नाशिकच्या आसपास कुठेतरी जाऊन बसतो. गट म्हणावा इतकं त्यात काही ठरलेलं नाही. वर्गणी नाही, हजेरी नाही. पण येणारा प्रत्येक नवा माणूस तेच प्रश्न विचारतो आणि उत्तर देईपर्यंत माझा वॉश (कागदावर पसरलेला पातळ, पाणीदार रंगाचा थर) वाळून जातो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

मला हुबेहूब काढता येत नाही. आलो तर चालेल का?

चालेल. उलट ज्यांचा हात शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी फार घोटून घेतला गेलाय, त्यांचाच जास्त वेळ जातो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी आणि तिच्यावर वाकलेला नारळ हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या बोटात बसलेलं आहे. नाशिकच्या पोराने नारळ का काढावा, हे मला आजवर कळलेलं नाही. दारात कडुनिंब, रस्त्याला वड, शेताच्या बांधावर बाभूळ, आणि कागदावर मात्र कोकण.

‘भावपूर्ण’ निसर्गचित्र म्हणजे मनाला येतील ते रंग फासायचे का?

नाही. गाडीवरून जाताना तुमची मान एखाद्या जागेकडे वळते. ती कशामुळे वळली, एवढंच आधी शोधायचं. मग चित्र त्या एका गोष्टीचं करायचं आणि बाकी सगळ्याला तिच्या मागे उभं करायचं. रंग वाढवायचा तो तिच्यासाठी, रेषा वाकवायची ती तिच्यासाठी, जे वगळायचं तेही तिच्यासाठीच.

एक उदाहरण देतो. सप्टेंबरातली संध्याकाळ होती, नुकताच पाऊस थांबला होता आणि मी गंगेवर बसलो होतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. समोर नारोशंकराचं देऊळ. मागे वांग्याच्या सालीसारखं आभाळ, आणि ढगाच्या फटीतून आलेलं ऊन देवळाच्या ओल्या दगडावर एका कडेला तेवढं लागलेलं. दगड काळाच, पण ती कड भाजलेल्या विटेसारखी दिसत होती. मला थांबवलं होतं त्या कडेने. म्हणून मी ती रुंद केली, मागचं आभाळ होतं त्याहून गडद केलं, विजेच्या तारा, बॅनर, उभ्या गाड्या सोडून दिल्या. घाईत शिखर जरा कललं. मागे उभा असलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी न राहवून म्हणाला, “काका, देऊळ एवढं वाकडं नाहीये.”

त्याचं बरोबर होतं. तरी मी शिखर सरळ केलं नाही, कारण कललेल्या शिखरामुळे ती कड आणखी पुढे आली होती. शिखर दुसरीकडे कललं असतं आणि कड मेली असती, तर पुसलं असतं.

किती वाजता जायचं?

पहाटे किंवा संध्याकाळी. भर दुपारी चित्र होत नाही असं नाही, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुपारी सावल्या वस्तूंच्या पायाखाली गोळा होतात आणि सगळं सपाट दिसतं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच उरत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात तर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेकडे असते. जूनमध्ये जुन्या रेखाटनावरून चित्र पुरं करायला बसलात आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, तर सावलीची दिशा तपासा.

सूर्योदय डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास होतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. त्याआधी अर्धा तास जागेवर पोचलेलं असावं.

घाटावर कुठली वेळ, हे नदीच्या वळणावर ठरतं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. म्हणजे पंचवटी पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. सकाळचं ऊन पंचवटीच्या मागून येऊन जुन्या नाशिककडच्या सुंदरनारायण मंदिराच्या बाजूला पडतं, तेव्हा पंचवटीची देवळं उजेडाच्या विरुद्ध, काळपट छायाकृतीसारखी दिसतात. संध्याकाळी हाच खेळ उलटा. एकाच पायरीवर बसून सकाळी एका काठाचं आणि संध्याकाळी दुसऱ्या काठाचं चित्र करता येतं, मध्ये मिसळ खायला भरपूर वेळ.

उजेड तर सारखा बदलतो. मग चित्र पुरं कसं करायचं?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ऊन तिरपं असतं तेव्हाची गंमत फार तर चाळीस-पन्नास मिनिटं टिकते. मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१मध्ये गवताच्या गंज्यांची मालिका रंगवली, तेव्हा तो एकापेक्षा जास्त कॅनव्हास सोबत ठेवायचा. उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. आपल्याकडे तेवढे कॅनव्हास उचलायला माणूस नाही, म्हणून आपण कागद लहान घ्यायचा. पूर्ण इम्पीरियल ताव बावीस बाय तीस इंचाचा असतो. त्याचा चौथा भाग पुष्कळ झाला, नवख्याने आठवाच घ्यावा.

आता गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, ऑक्टोबरातली संध्याकाळ धरू. सूर्य त्र्यंबकच्या डोंगरांकडे कलतोय आणि सहा-सव्वासहाला मावळणार. तुम्ही सव्वापाचला बसलात.

पहिली पाच मिनिटं काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलीने फक्त दोन छटा: काय गडद, काय उजळ. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक आपोआप गळून जातं. सावल्या कुठे आहेत ते याच चौकोनात पक्कं करायचं आणि नंतर कितीही मोह झाला तरी हलवायचं नाही. बहुतेक चित्रं इथे बिघडतात. डावीकडची सावली सव्वापाचची आणि उजवीकडची सहाची, अशी दोन घड्याळं एका कागदावर चालू लागतात.

मग कागदावर जेमतेम चार रेषा. पाण्याची कड, जवळचा उंचवटा, दूरच्या डोंगरांची सलग ओळ. त्यानंतर आभाळ आणि पाणी एकाच दमात. कागद ओला करून क्षितिजाजवळ पिवळा ऑकर आणि त्यात चिमूटभर लाल, वर जाताना निळा, आणि तोच क्रम पाण्यात उलटा. हा वॉश दमट असतानाच दूरचा डोंगर निळसर-जांभळ्या पातळ रंगात लावला तर त्याची कड मऊ राहते. फार ओलं असेल तर डोंगर आभाळात पळतो. कागदाकडे तिरक्या नजरेने बघा, पाण्याची चमक जाऊन नुसता ओलसरपणा राहिला की लावा. हे शब्दांत सांगता येत नाही, दहा कागद वाया घालवूनच कळतं.

ते वाळेपर्यंत हात बांधून बसायचं. खरंच बांधून. मग मधला डोंगर, मग जवळचा काठ, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात गडद रंग. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत येतं. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. पाण्याला बांधून ठेवणारी एखादी आडवी, कोरड्या ब्रशची चकाकी पुरे.

सहाच्या सुमारास आभाळ पेटेल आणि तुम्हाला सगळं चित्र बदलावंसं वाटेल. तेव्हा ब्रश खाली ठेवून नुसतं बघा. ते पुढच्या रविवारचं चित्र.

सावली काळी दिसते, तुम्ही निळी का लावता?

कारण ती काळी नसते. उन्हात सूर्याचा पिवळसर उजेड पडतो. सावलीत सूर्य पोचत नाही, पण आभाळ पोचतं, आणि आभाळ निळं असतं. स्वच्छ हिवाळी सकाळी पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरची सावली बघा, निळी दिसली नाही तर चहा माझ्याकडून. ढगाळ दिवशी मात्र हे गणित चालत नाही. तेव्हा उजेडच थंड आणि सावल्या ऊबदार करड्या दिसतात.

दुसरं कारण डोळ्यात आहे. शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन या गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा बदललेला दिसत होता. १८३९मध्ये त्याने यावर ग्रंथच छापला. आपल्याकडे येवल्याच्या विणकराला हे वेगळं सांगावं लागत नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, आणि पैठणी हलली की तिसराच रंग चमकतो. धूपछाव म्हणतात त्याला. कागदावरही हेच करा. साधा करडा रंग नारिंगीच्या शेजारी ठेवा, तो निळसर भासेल. निळा लावायची गरजही पडणार नाही.

पावसाळ्यात सगळंच हिरवं. चित्र प्लास्टिकचं दिसतं. काय करू?

ट्यूबमधला हिरवा थेट लावणं आधी बंद करा. सॅप ग्रीन ही सोयीची ट्यूब आहे, पण त्र्यंबक रस्त्यावरचा एकही डोंगर त्या रंगाचा नाही.

हिरवा नेहमी जुळवावा. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि पिवळा ऑकर मिळून मवाळ, शेवाळी हिरवा येतो. प्रशियन निळा आणि लेमन पिवळा मिळून झणझणीत, नव्या पालवीचा. दोन्ही फार बोलायला लागले तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा लालाचा एक थेंब, लगेच गप्प बसतात. जवळचं हिरवं पिवळ्याकडे झुकतं, दूरचं निळ्या-करड्याकडे. मधल्याला फारसं काही करायचं नाही.

मग महिन्यांचा हिशेब. जुलैत भाताची लावणी होते तेव्हा खाचरांत हिरवं कमी आणि आभाळच जास्त असतं. पाण्यात ढग आणि त्यावर रोपांच्या विरळ रेघा. ऑगस्टात खाचर भरून येतं, तेव्हाचं चित्र सगळ्यात अवघड, कारण कुठेच फट नसते. सप्टेंबर सरता सरता भात पिवळा पडू लागतो, डोंगरउतारावर खुरासणी फुलते, आणि चित्रकाराचा जीव भांड्यात पडतो.

ऑगस्टावर माझा एक उपाय आहे. पेन्सिलीआधी अख्ख्या कागदावर पातळ गुलाबी-नारिंगी वॉश मारून ठेवायचा. वाळला की त्यावर हिरवं, पण जागोजाग फटी सोडून. त्या फटींतून खालचा रंग डोकावतो आणि हिरवं श्वास घेतं. आणि रस्त्यावरून एसटी गेली तर तिचा लाल ठिपका सोडू नका. एवढ्या हिरव्यात नखाएवढा लाल काय करतो, ते लावून बघा.

डोंगर बटाट्यासारखे दिसतात.

कारण तुम्ही बाहेरची कड काढता आणि आत रंग भरता. आपले डोंगर थरांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट. म्हणून कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा आडव्या पायऱ्या. अंजनेरीकडे त्र्यंबक रस्त्यावरून बघा, स्पष्ट दिसतात. कडा उभ्या, कोरड्या फटकाऱ्याने. उतार आडव्या, ओल्या हाताने. एवढा फरक केला तरी बटाटा जातो.

बेसाल्टचा रंग म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त झाला की सावलीतला कडा, सिएना जास्त झाला की उन्हातला. पॅलेटवर पूर्ण घोटू नका, कागदावरच दोघांना भिडू द्या. काळ्या ट्यूबची गरज लागत नाही.

फक्त रेखाटन केलं तर?

उत्तम. मी स्वतः अडलो की रंगपेटी बंद करून बोरू आणि काळी शाई काढतो. बोरूला मध्येच शाई संपते आणि रेघ खरखरीत तुटते. कड्याच्या दगडाला याहून चांगली रेघ नाही. वारा दाखवायचा तर गवताचं पातं काढू नका, हात वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याच्या वेगाने चालवा. कोळशाने केलं तर बोटाने सगळं गुळगुळीत करायचा मोह आवरा. घरी नेताना वर्तमानपत्राचा कागद मध्ये घाला, नाहीतर डोंगर शर्टावर उमटतो.

सुरुवातीला कोणते रंग घेऊ: जलरंग, अॅक्रिलिक, तैलरंग की पेस्टल?

इथल्या हवेत जलरंग आणि ऑइल पेस्टल. जलरंग हलके, पाणी कुठेही मिळतं. ऑइल पेस्टलला तेही लागत नाही आणि रंगाला धीट व्हायला ते भाग पाडतात. अॅक्रिलिक एप्रिल-मेमध्ये पॅलेटवरच वाळतो. ओली फडकी खाली ठेवून, फवारा मारत काम करावं लागतं. तैलरंग सुंदर, पण ओला कॅनव्हास स्कूटरवरून सिडकोपर्यंत नेऊन दाखवा, मग बोलू. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी खुशाल करावेत. टर्पेंटाइन किंवा थिनर नदीत किंवा मातीत ओतायचं नाही. बाटलीत भरून घरी न्यायचं. जलरंगाचं पाणीसुद्धा रामकुंडात ओतू नये, तिथे लोक आचमन करतात.

बाहेर जाऊन रंगवणं सोपं झालं ते १८४१नंतर, जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायची धातूची ट्यूब काढली तेव्हा. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पुरचुंडीत बांधून नेत.

पिशवीत काय काय असावं?

तीनशे जीएसएमचा कागद. याहून पातळ कागद पाण्याने पापडासारखा फुगतो. हलका प्लायचा बोर्ड, मास्किंग टेप, एक मोठा गोल ब्रश, एक चपटा, एक बारीक जो तुम्ही फार वापरू नये. सहा-सात रंग पुरतात: अल्ट्रामरीन, प्रशियन निळा, लेमन पिवळा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, एक लाल. क्रिमसन लेक घेत असाल तर लक्षात ठेवा, उजेडात तो उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात नको. दोन पाण्याच्या बाटल्या, एक ब्रशसाठी आणि एक पिण्यासाठी, आणि त्या ओळखू येतील अशा. मी एकदा चुकलो आहे. जुना सुती पंचा, टोपी, बसायला घडीचं स्टूल.

आणि चिमटे. जास्तीचे चिमटे. गंगापूरच्या काठावर वाऱ्याने माझा बोर्डच उचलला आणि जवळजवळ झालेलं चित्र पाण्यावर चेहरा वर करून लांब गेलं. तरंगताना फार छान दिसत होतं.

लोक मागे येऊन उभे राहतात. लाज वाटते.

राहणारच. घाटावर तर फुलवाल्या मावशींपासून गुरुजींपर्यंत सगळे येऊन एकदा डोकावतात. ठरलेले तीन प्रश्न असतात: “काय काढताय?”, “हे विकता का?”, “माझं काढाल का?” हसून उत्तर द्या, हात थांबवू नका. पाठीशी भिंत किंवा झाड येईल असं बसलात तर निम्मी गर्दी कमी होते. मंडळींना चित्र आवडत नाही असं क्वचितच घडतं. त्यांना काळजी असते ती त्यांचं दुकान त्यात आलं की नाही याची. एका पेरूवाल्याची हातगाडी मी वगळली होती. त्याने ती दाखवून दिली आणि खरोखर, तिच्या निळ्या ताडपत्रीनेच चित्र उभं राहिलं.

मुली एकट्याने येत असतील तर घाट, सोमेश्वर, पांडवलेणी अशा वर्दळीच्या जागा निवडाव्यात. धरणाच्या काठाला सोबत असावी, आणि हे मी मुलांनाही सांगतो.

फोटो काढून घरी आरामात रंगवलं तर?

तपशिलासाठी फोटो घ्या, रंगासाठी नको. मोबाइल सावली काळी करतो किंवा उगाच उजळवतो, आभाळ पांढरं फटक करतो आणि पावसाळी हिरव्याला तर अक्षरशः फटाके लावतो. डोळा एकाच वेळी उन्हातलं आणि सावलीतलं दोन्ही वाचतो. मोबाइलचा एक उपयोग मात्र जरूर करा: फोटो कृष्णधवल करून बघा. तुमच्या चित्राचाही तसाच काढा. दोन्हींतल्या गडद-उजळाच्या जागा जुळत असतील, तर रंग कुठलेही लावा, खपून जातात.

नाशिकच्या आसपास कुठे कुठे बसता?

पांडवलेणी माझी लाडकी. लेणी त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे वर्षातला बराच काळ तिथे थेट ऊन न येता एकसारखा, शांत उजेड मिळतो. चित्रकार स्टुडिओची खिडकी उत्तरेला मागतात ती याचसाठी. ओसरीच्या आतल्या अंधारातून बाहेरच्या झगझगीत शहराकडे बघत चित्र करा. संरक्षित स्मारक आहे. स्टँड रोवण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, खडकावर रंग सांडू नका, आणि मधमाश्यांची पोळी असतात तिथे आवाज नको.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं हे पाणथळ, रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं. पक्षी काढायचा प्रयत्न करू नका, ते थांबत नाहीत. धुक्यातली पाण्याची पट्टी आणि लव्हाळ्याची रांग, झालं चित्र.

शहरातच राहायचं तर बुधवारी घाटावरचा बाजार. पालांखालचा रंगीत उजेड, लाल ताडपत्रीखाली लाल झालेल्या कोथिंबिरीच्या जुड्या. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारणाऱ्या गावाला रंगांची भीती वाटू नये, पण कागद समोर आला की वाटते खरी.

द्राक्षबागेत बसता येईल?

मालकाला विचारून. दिंडोरी, निफाड, ओझरकडचे शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत, वर चहाही देतात. फक्त फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारा. आणि सकाळी धुकं पडलं म्हणून त्यांच्यासमोर आनंदाने नाचू नका. आपल्याला ते धुकं म्हणजे फुकटचा मऊ वॉश, त्यांना डाऊनी या द्राक्षाच्या रोगाची धास्ती. हे मी एका बागेच्या बांधावर “काय सुंदर धुकं आहे!” म्हणून शिकलो. मालक काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

सिंहस्थात घाटावर बसता येईल का?

पर्वणीच्या दिवशी विसरा. आधी-नंतरच्या दिवसांत खिशात मावेल अशी वही आणि पेन. २०२७साठी मी तेवढंच ठेवणार आहे.

कोणाची चित्रं पाहावीत?

नाशिकचे शिवाजी तुपे. जलरंगात पाणी किती कमी बोलून किती सांगतं, हे त्यांच्याकडून शिकावं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला. एकाच जागेवर परत परत जाण्याचा कंटाळा येत असेल तर त्यांना आठवा. सावळाराम हळदणकरांचे जलरंग, तेही निसर्गचित्राबरोबर कंदिलाचा, दिव्याचा उजेड बघण्यासाठी. छापील पुस्तकापेक्षा मूळ चित्र बघायची संधी सोडू नका. कागदाची खरबरीत पोत आणि रंगाचा पातळपणा छपाईत मरतो.

मध्येच पाऊस आला तर?

चित्र उलटं करून बोर्डाखाली धरा आणि पळा. वाळत आलेल्या वॉशवर चार थेंब पडले तर पांढरट ठिपके उमटतात. ब्रह्मगिरीचं माझं एक चित्र असंच ठिपक्यांचं झालंय. लोक विचारतात मीठ टाकलं होतं का, मी हो म्हणतो. घाटावर असाल तर पावसापेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा. गंगापूरमधून विसर्ग सोडल्यावर पातळी चढते आणि पायऱ्यांवरचं शेवाळ कोणाचीच भीड ठेवत नाही. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की सामान आवरायचं, कंबरेपर्यंत यायची वाट बघायची नाही.

पहिल्यांदाच येतोय. कुठे येऊ?

सोमेश्वर. शहराला लागून आहे, चहा मिळतो, झाडाखाली सावली आहे. गर्दीच्या आधी, साडेसहाला या. धबधब्याकडे तोंड करून बसू नका. पांढरं पाणी रंगवणं पहिल्या दिवसाचं काम नाही. पाठ फिरवा, खडकाच्या खोलगट भागात साचलेलं पाणी शोधा आणि त्यात पडलेलं आभाळ काढा. मी बहुतेक तिथेच असतो, हिरव्या स्टुलावर. काही विचारायचं असेल तर माझा वॉश वाळू द्या, मग विचारा.